रविवारचा सामना

आज फुटबॉलविषयी बोलायचंय. "आमचा काय संबंध?" म्हणून रेडिओ बंद करू नका, संबंध पुढे येईल.

आयर्लंड हे इंग्लंडशेजारचं बेट. पाऊस, कुरणं, गाई, बटाट्याची शेतं. जुन्या काळी तिथल्या केरी भागात दोन गावांची माणसं एका चेंडूमागे शेतं-बांध तुडवत धावायची. चेंडू आपल्या हद्दीत नेला की जिंकले! खेळाडू किती, याची मोजदाद नाही. तेव्हा तिथेही इंग्रजांचंच राज्य होतं. १८८४ साली थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि काही मंडळी जमली, आपले खेळ आपणच सांभाळायचे म्हणून संघटना काढली आणि मग नियम ठरले. या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही धरतात. आधी एका बाजूला २१ जण असत, १९१३ पासून १५ झाले.

मला यातलं क्लबचं गणित फार आवडतं. एका चर्चच्या हद्दीतली गावं मिळून साधारण एक क्लब. ज्या गावचे तुम्ही, त्या गावाकडून खेळायचं. मजुरांना सुट्टी रविवारी, म्हणून सामनेही रविवारी, प्रार्थना आटोपली की. खर्च वर्गणीतून. खेळाडूला पगार नाही, आजही नाही. सोमवारी सकाळी तो पुन्हा गाईंच्या धारा काढायला हजर.

आणि बायका? त्या बांधावर उभ्या राहून ओरडायच्या. चिखलाने माखलेले कपडे कोण धुवायचं, ते तुम्हाला सांगायला नको. हॉकीसारखा कामोगी नावाचा खेळ बायका १९०४ पासून खेळत होत्या, पण फुटबॉल म्हटलं की तो गड्यांचा! बायकांच्या फुटबॉलची संघटना निघाली १९७४ साली, म्हणजे तब्बल ९० वर्षांनी. जागा कुठली? तेच थर्ल्स, तेच हॉटेल. बाहेरून कोणी येऊन ती काढून दिली नाही. मुली गावोगावी आधीपासून खेळत होत्याच, फक्त त्यांची नोंद कुठल्या वहीत नव्हती. आपल्या गटाचंही पहिलं काम वही घालणं हेच होतं ना?

त्याच वर्षी पहिली स्पर्धा झाली आणि टिपरेरीच्या मुलींनी ऑफलीला हरवलं. २०१९ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर बायकांचा अंतिम सामना बघायला ५६,११४ माणसं आली होती.