टर्बोनें अश्वशक्ति किती वाढते?

संत्र्यांच्या मोसमांत नरखेडहून निघालेली भरली मालमोटार चढाला लागली कीं तिच्या घरघरींतून एक बारीक शीळ ऐकूं येते. ती पुष्कळदां टर्बोचार्जरची असते. इंजिनांतून वायां जाणाऱ्या धुराच्या जोरानें एक लहान चक्र फिरतें, व त्याच आंसावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. या युक्तीचें पेटंट आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनियरानें इ. स. १९०५ मध्यें घेतलें.

फुंकणीनें चुलींतला जाळ वाढतो, तसेंच हें आहे. हवा जास्त मिळाली कीं इंधन जास्त जाळतां येतें व शक्ति वाढते. पण किती? दाब दीडपट केला तर शक्तिही दीडपट, असें उत्तर विद्यार्थी चटकन् देतात. येथेंच चूक होते. सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, हें आपण अनुभविलेंच आहे. दाबलेली हवा तापते, आणि तापली कीं विरळ होते.

आतां गणित पाहूं. २७ अंश सेंटिग्रेडची हवा दीडपट दाबली, व दाबणारें चक्र शेंकडा ७० कार्यक्षम असलें, तर ती सुमारें ८० अंशांवर जाते. निरपेक्ष शून्यापासून मोजतां हीं तपमानें ३०० व ३५३ होत. म्हणून घनता १.५ × ३०० ÷ ३५३, म्हणजे सुमारें १.२७ पट होते. फेरे तेवढेच राहिल्यास ८६ अश्वशक्तीचें इंजिन १२९ चें न होतां १०९ चें होईल. तीच हवा वाटेंत ४५ अंशांपर्यंत निवविली, तर सुमारें १२१ चें.

व्यवहारांतील एक दाखला घेऊं. टाटांच्या अल्ट्रोझ मोटारीचें १,१९९ घन सेंटिमीटरचें साधें पेट्रोल इंजिन ८६ अश्वशक्तीचें होतें. इ. स. २०२१ मध्यें तेवढ्याच आकाराचें टर्बो इंजिन आलें, तें ११० चें. वाढ सव्वापटीहून थोडी अधिक, दुप्पट नव्हे.

तेंही इंजिन टर्बोसाठींच सिद्ध केलेलें होतें. साध्या इंजिनावर मागाहून टर्बो चढविल्यास दाब व उष्णता वाढून पेट्रोल अवेळीं पेट घेऊं शकतें. मग ठोके बसतात आणि पिस्टनही फुटतो. म्हणून पालकांस विनंति कीं, "शक्ति दुप्पट करून देतों" असें कोणी म्हटल्यास, संत्र्यांच्या बागेचे पैसे त्याच्या हातीं ठेवण्यापूर्वीं मुलाला कागद-पेन्सिल घेऊन जवळ बसवावें आणि एवढा हिशेब त्याच्याकडून करवून घ्यावा.