नांगी टाकणारा खेकडा

‘नांगी टाकली’ म्हटलं की मराठीत माणूस हरला. वाक्प्रचार विंचवाचा असेल, पण पोर्सलेन खेकडा तो शब्दशः पाळतो आणि जीव वाचवतो. शत्रूने नांगी पकडली, की ती ठरलेल्या सांध्यातून मोडायची आणि पळायचं. सुटलेली नांगी काही वेळ वळवळत राहते, शत्रू तिच्यातच गुंततो. पुढच्या काही कात टाकण्यांत नवी नांगी येते. चिनी मातीच्या कपाचा कान निखळावा इतक्या सहज अवयव सुटतात, पाठही तशीच गुळगुळीत. त्यावरून हे नाव.

खरं तर हा खेकडाच नव्हे. आपल्या कुर्लीला नांग्या सोडून चालायच्या पायांच्या चार जोड्या दिसतात, याच्या तीनच. चौथी बारीक होऊन अंगाशी दुमडलेली असते. मिशा लांबलचक, पोटाखाली मुडपलेल्या शेपटीला पंखा, आणि तो फडफडवत हा थोडाफार पोहतोही. नात्याने तो शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्यांच्या गटातला. चपटं, गोल, शेपूट आत घेतलेलं खेकड्याचं रूप उत्क्रांतीत अनेकदा स्वतंत्रपणे घडलं. लँसेलॉट बोराडेल या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये या प्रकाराला ‘कार्सिनायझेशन’ असं नाव दिलं.

नांग्या एवढ्या मोठ्या, पण जेवताना त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. त्या जागेसाठी भांडायला. तोंडाजवळच्या दोन अवयवांवर लांब केसांची झालर असते. कोळ्याने पाग टाकावा तशी ती आळीपाळीने पाण्यात उघडायची, मिटायची आणि अडकलेलं प्लवक तोंडात झाडून घ्यायचं. जगात याच्या जवळपास तीनशे जाती आहेत. काही समुद्रफुलांच्या विषारी झालरीत निर्धास्त राहतात, पण बहुतेकांचं घर म्हणजे किनाऱ्यावरच्या दगडाची खालची बाजू.

त्या दगडाखाली ओहोटीला काय होतं, यातच याची खरी गोष्ट आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन-कॅलिफोर्नियात, दोन जाती शेजारी राहतात. पेट्रोलिस्थिस सिंक्टिप्स वर, शिंपल्यांच्या थरात आणि दगडांखाली, कधी कधी इतक्या दाटीने की एका चौरस मीटरमध्ये हजारो सापडावेत. पेट्रोलिस्थिस एरिओमेरस खाली, जिथलं पाणी क्वचितच हटतं. तिथला समुद्र थंडगार, दहा ते पंधरा अंशांचा. पण उन्हाळ्यात भर दुपारी ओहोटी आली, की वरच्या दगडांखालचा पारा ३१ अंशांपर्यंत चढतो.

जोनाथन स्टिलमन आणि जॉर्ज सोमेरो यांनी या खेकड्यांच्या कवचाखाली बारीक तारा बसवून हृदयाचे ठोके मोजले. पाणी तापवत नेलं, तसे ठोके वाढत गेले आणि एका टप्प्याला एकदम कोसळले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: खालच्या जातीचा तो टप्पा २६.६ अंश, वरच्या जातीचा ३१.५. वरवर पाहता वरचा खेकडा जास्त काटक. पण त्याच्या घरातली सर्वांत तापलेली दुपार आणि त्याच्या हृदयाची मर्यादा यांत अंतर उरतं अर्ध्या अंशाचं. खालच्या जातीची मर्यादा मात्र तिच्या घरच्या पाण्याहून कितीतरी वर.

पुढे २००० मध्ये दोघांनी पूर्व पॅसिफिकमधल्या वीस जाती तपासल्या. चित्र तेच: ज्याचा दगड जास्त तापतो, तो जास्त उष्णता सोसतो. उष्ण भागातल्या काही जाती तर चाळीस अंशांच्या आसपास तग धरतात.

मग उकाडा वाढला तर काळजी थंड पाण्यातल्यांची, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. २००३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात स्टिलमन यांनी नेमकं उलट दाखवलं. खेकड्यांना काही काळ कोमट पाण्यात ठेवलं, तर त्यांची मर्यादा किती सरकते, हे त्यांनी पाहिलं. थंड पाण्यातल्या, कमी सोशिक जातींची बरीच वर सरकली. कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या सोशिक जातींची जेमतेम. सोसण्याची जेवढी ताकद होती, ती त्या आधीच वापरून बसल्या होत्या. आणि उन्हाच्या तोंडी देऊन पळायला नांगीचा उपयोग नाही.

आपल्याकडच्या किनाऱ्यांवरही पेट्रोलिस्थिसच्या जाती आहेत; लामार्की आणि बॉस्काय या त्यांतल्या दोन. ओहोटीला खडपावर फिरताना दगड उलटवलात आणि नखाएवढा चपटा जीव सर्रकन तिरपा पळाला, तर पाय मोजा. पकडू मात्र नका. हातात नुसती नांगी राहील. आणि दगड होता तसाच पालथा घाला. दुपारभर त्याला सावली तेवढीच असते.