चांदी घ्यावी, पण कोणत्या रूपात?

आमचा धंदा कापडाचा. चेंबूर स्टेशनजवळच्या आमच्या दुकानात ओढणी-दुपट्टा घ्यायला येणारे गिऱ्हाईक हल्ली कापडाच्या भावाआधी चांदीचा भाव विचारते. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने किलोमागे दीड लाखाचा टप्पा मागे टाकला आणि डिसेंबरात दोन लाखांचा. तेव्हापासून शिंपी, वेल्डर, फर्निचरवाले, भाजीवाले, सगळ्यांना वाटते की आपल्याकडेही थोडी चांदी असावी. चांदी घ्यावी की नाही हा ज्याचा त्याचा हिशेब. परंतु घ्यायची ठरल्यावर ती वीट घ्यावी, नाणे घ्यावे, पैंजण घ्यावेत की भांडे, याचा विचार फार थोडे लोक करतात. आम्हीही केला नव्हता, आणि त्याची किंमत मोजली. म्हणून हा लेख.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्ही गल्ल्यावर बसून शिकलो. तेव्हा भाषेत काही कमी-जास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. हिशेब मात्र चोख देतो.

आमचा अनुभव

एप्रिल २०११ ची गोष्ट. लग्नसराई चांगली गेली होती. हाती दीड लाखाच्या आसपास रक्कम होती आणि ती थोरल्या मुलीच्या निकाहसाठी राखायची होती. चांदीचा भाव तेव्हा किलोला ७० हजारांच्या वर होता आणि रोज चढत होता. मंगलदास मार्केटात मालाच्या खरेदीला गेलो असता तसेच शेख मेमन स्ट्रीटने झवेरी बाजारात शिरलो. ७२ हजारांना एक किलोची वीट घेतली. उरलेल्या पैशांत घरच्यांच्या आग्रहाने पैंजण, पानदान, अत्तरदाणी आणि चार ग्लास असा ९०० ग्रॅम माल दुसऱ्या दुकानातून घेतला. त्याला भाव पूर्ण चांदीचा लागला, म्हणजे ग्रॅमला ७२ रुपये, आणि वर ग्रॅमला १० रुपये घडणावळ. एकूण ७३,८०० रुपये झाले. पावती म्हणून एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर फक्त वजन आणि रक्कम होती.

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जगाच्या बाजारात चांदी कोसळली. २०१५ च्या अखेरीस निकाह ठरला तेव्हा भाव किलोला साडेचौतीस हजारांवर आला होता. वीट विकली, तिचे साडेचौतीस हजार आले. भाव अर्ध्याहून खाली गेला होता, त्याला कोणी काय करणार? परंतु दुसऱ्या मालाचा टंच काढला तर तो निघाला ६५. म्हणजे ९०० ग्रॅममध्ये शुद्ध चांदी ५८५ ग्रॅम. गाळणीची घट जाऊन हाती साडेएकोणीस हजार पडले. एकाच महिन्यात घेतलेला आणि एकाच दिवशी विकलेला माल. विटेचे शंभरातले ४८ रुपये परत आले आणि दागिने-भांड्यांचे जेमतेम २६. विटेत आम्हाला भावाने मारले. दागिन्यांत भावाने तर मारलेच, वर आमच्या अज्ञानानेही मारले. निकाहच्या खर्चासाठी शेवटी दुकानातला माल तोट्यात काढावा लागला.

पैसा कुठे गळतो?

चांदीत घातलेला पैसा चार ठिकाणी गळतो. पहिली गळती टंचाची: जितकी चांदी नाही तितक्याचे पैसे आपण देतो. दुसरी घडणावळीची: ती मजुरी आहे, कारागिराचा हक्क आहे, परंतु मोड देताना तिचा पैसाही परत येत नाही. तिसरी कराची: १ जुलै २०१७ पासून चांदीवर ३ टक्के जीएसटी आहे. लाखाच्या चांदीवर तीन हजार रुपये, आणि विकताना ते आपल्याला मिळत नाहीत. चौथी खरेदी-विक्रीच्या भावातील फरकाची: सराफ विकतो एका भावाने आणि घेतो दुसऱ्या भावाने. कर सर्वांना सारखाच आहे. बाकीच्या तीन गळत्या ज्या रूपात कमी, ते रूप गुंतवणुकीला चांगले. आता एकेक रूप पाहू.

वीट आणि बिस्कीट

९९९ टंचाची, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध असलेली वीट हे सर्वांत स्वस्त रूप. तिच्यात घडणावळ नाममात्र असते. घाऊक बाजारात ३० किलोचा चौरसा चालतो, तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला १०० ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि एक किलो ही वजने बरी. विटेवर शुद्धीकरण करणाऱ्याचा छाप, वजन, टंच आणि क्रमांक कोरलेला असावा. सोबत प्रमाणपत्र असल्यास त्यावरचा क्रमांक तोच आहे ना, हे दुकानातच ताडून पाहावे.

किलोची एक घ्यावी की शंभर ग्रॅमच्या दहा? कापडाचा अख्खा ताका घेतला की मीटरमागे स्वस्त पडतो, तसेच किलोची वीट स्वस्त पडते. फरक इतकाच की ताक्यातून दोन मीटर कापून विकता येतात. वीट कापली की छाप गेला, भरवसा गेला आणि पुन्हा टंच काढणे आले. ज्याला अडीअडचणीला थोडी-थोडी विकावी लागेल, त्याने थोडा जादा भाव देऊन लहान वजनेच घ्यावीत. रोजंदारीवर काम करणाऱ्या कारागीर बांधवांना आमचा हाच सल्ला आहे.

नवी नाणी

१०, २० आणि ५० ग्रॅमची ९९९ टंचाची नाणी सराफांकडे मिळतात. वजन जितके लहान, तितका ग्रॅममागे घडणावळीचा बोजा जास्त. दहा ग्रॅमचे नाणे भेट द्यायला छान आहे, पण साठवायला महाग. सीलबंद वेष्टनातले नाणे फोडू नये, कारण वेष्टन फुटले की विकताना पुन्हा तपासणी होते. बँकेतून घेतलेले नाणे बँक परत विकत घेत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सरकारी टांकसाळीची स्मारक नाणी हा वेगळा प्रकार. वर्षानुवर्षे ही मोठ्या किमतीची नाणी ३५ ग्रॅम वजनाची आणि त्यात चांदी निम्मीच, अशी निघत आली. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. संग्राहकाला त्यांचे मोल आहे. चांदी म्हणून घेणाऱ्याने अर्धे वजन सोडूनच हिशेब करावा.

राणीछाप आणि बादशाही रुपये

अनेक घरांत दादी-नानीच्या पेटीत जुने रुपये असतात. हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध. परंतु महायुद्धात, १९४० पासून, सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, म्हणजे सुमारे ५.८ ग्रॅम. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नाहीच. दिसायला तिन्ही रुपये, पण मोल तीन तऱ्हेचे. म्हणून आधी सन वाचावा. घरात असतील ते जपावेत. बाजारातून नवे घेताना मात्र सावध असावे, कारण नकली पुष्कळ आहेत. शंभर वर्षांपुढील नाणी कायद्याने पुरावस्तू ठरतात. आखातातल्या नातेवाइकांना भेट म्हणून ती पाठवू नयेत.

दागिने आणि भांडी

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीची पैंजणे देशभर जातात. त्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. दागिना हौसेने घ्यावा, लेकी-सुनांना द्यावा. पण त्याला गुंतवणूक म्हणू नये. पैंजणाला मजबुतीसाठी तांब्याची भर लागते, जोडांना डाक लागतो, घुंगरू आणि मीना यांचे वजन चांदीत मोजले जाते आणि मोडताना वजा होते. दागिनाच घ्यायचा तर ९२५ टंचाचा घ्यावा, आणि टंच पावतीवर लिहून घ्यावा.

भांड्यांचे तर आपल्यापुरते सोपे आहे. चांदीच्या भांड्यात खाणे-पिणे आपल्याला मना आहे. मग ते ग्लास कपाटात बसण्यापलीकडे काय करणार? आमच्या चार ग्लासांनी चार वर्षे तेच केले.

दागिन्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या तारण नियमांत चांदीचे दागिने १० किलोपर्यंत आणि नाणी ५०० ग्रॅमपर्यंत धरली आहेत, विटा धरलेल्या नाहीत. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्यांना या सोयीचा उपयोग नाही, पण माहिती असावी.

जर

हा आमच्या धंद्यातला विषय. जुन्या शालू-पैठणीतली खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचे पाणी. जुनी साडी घेणारे ती जाळून चांदी काढतात. आजच्या बहुतेक साड्यांत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली 'टेस्टेड' जर असते, नाहीतर निव्वळ प्लास्टिकची चमक. तेव्हा 'खरी जर आहे, पैसे कुठे जात नाहीत' असे सांगून कोणी नवी साडी गुंतवणूक म्हणून विकत असेल, तर ऐकू नये. घरातली जुनी साडी मात्र भंगाराच्या भावाने देण्यापूर्वी जरीची एक तार जाणकाराला दाखवावी.

पावती, हॉलमार्क आणि कर

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाचा हॉलमार्क सुरू झाला. सुरू झाला तेव्हा तो ऐच्छिक होता, सोन्यासारखा सक्तीचा नव्हता. म्हणून गिऱ्हाइकानेच तो मागायचा असतो. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर क्रमांक घातला की दागिन्याचा टंच आणि तपासणी केंद्र दिसते. पक्क्या पावतीवर वजन, टंच, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि कर हे पाच रकाने वेगवेगळे असावेत. 'पावती नको, तीन टक्के वाचतील' असे सांगणारा दुकानदार तीन टक्के वाचवून तीस टक्क्यांचा धोका देतो. आमच्या चिठ्ठीवर टंच लिहिलेला असता तर आम्ही भांडू शकलो असतो.

एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास दुकानदाराला मनाई आहे. २३ जुलै २०२४ नंतरच्या नियमाने चांदी दोन वर्षांहून अधिक ठेवून विकली तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी विकली तर नफा आपल्या उत्पन्नात धरला जातो. खरेदीची पावतीच नसेल तर नफा किती झाला हे दाखवणार कसे?

जकात आणि सौदा

चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. किलोची वीट घेणारा निसाबाच्या वर गेला. चांद्रवर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के जकात द्यायची, म्हणजे किलोमागे २५ ग्रॅमची किंमत. वीट आणि नाण्यांबाबत मतभेद नाही. वापरातल्या दागिन्यांवर हनफी मसलकात जकात आहे. कोकणी बांधव शाफई आहेत, त्यांच्यात वापरातल्या जायज दागिन्यांना सूट सांगितली जाते. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. गुंतवणुकीचा हिशेब करताना ही दरसालची रक्कम आधीच धरावी.

दुसरी गोष्ट, जुनी चांदी देऊन वर पैसे घालून नवी घेण्याची चाल आहे. चांदीच्या बदल्यात चांदी घेताना वजन सारखे आणि देणे-घेणे हातोहात हवे. सोपा मार्ग असा की जुनी विकून रोख हातात घ्यावी आणि मग नवीचा वेगळा सौदा करावा. यात दुनियेचाही फायदा आहे, कारण दोन्ही भाव उघडे पडतात.

सांभाळ

चांदी जड आहे आणि जागा खाते. आमच्या चेंबूरला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने जवळ आणि खाडीची दमट हवा. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. काळेपणाने टंच कमी होत नाही, पण राखेने घासघासून वजन कमी होते. हवाबंद पिशवीत ठेवावी, घासू नये. रबर आणि लोकरीपासून दूर ठेवावी.

शेवटी

१९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली आणि २७ मार्चला ११ डॉलरच्या खाली आली. २०११ मध्ये ती पुन्हा ५० च्या दारातून परत फिरली. हा टप्पा ओलांडून ती टिकली ती थेट २०२५ च्या अखेरीस. पंचेचाळीस वर्षे! म्हणून लग्नाचा, हजचा, दुकानाच्या पागडीचा पैसा, ज्याची तारीख ठरलेली आहे, तो चांदीत घालू नये. ज्या पैशाची पाच-सात वर्षे गरज नाही, त्यातलाच काही भाग घालावा, आणि तोही एकदम नव्हे, महिन्या-दोन महिन्यांनी थोडा-थोडा.

क्रम असा ठेवावा: प्रथम ९९९ टंचाची १०० ते ५०० ग्रॅमची वीट, नंतर मोठ्या वजनाची नाणी, मग घरातले जुने रुपये. दागिना हौसेच्या खात्यात लिहावा, गुंतवणुकीच्या नव्हे. आणि घेण्यापूर्वी सराफाला एकच प्रश्न विचारावा: 'हाच माल उद्या सकाळी परत आणला तर किती द्याल?' जो आकडा सांगेल तो पावतीच्या मागे लिहून घ्यावा. जो आकडा सांगायला कचरेल, त्याच्या दुकानाची पायरी उतरावी. धाकट्या मुलीसाठी आम्ही आता असेच करतो.