उत्तर द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी शी जिनपिंग यांनी देशातल्या नामवंत लेखक-कलावंतांना बीजिंगमध्ये एकत्र बोलावलं. १९४२ साली माओंनी येनानमध्ये साहित्यिकांना पक्षाची वाट आखून दिली होती, त्याच परंपरेतली ही बैठक. ज्येष्ठांच्या त्या मेळाव्यात झौ श्याओपिंग आणि हुआ छियानफांग हे दोन तरुण ब्लॉगलेखकही होते. शी यांनी त्यांची आवर्जून दखल घेतली आणि ‘सकारात्मक ऊर्जा’ देणारं आणखी लेखन करा, असं सांगितलं. १९८१ साली सिचुआन प्रांतातल्या झिगाँगमध्ये जन्मलेल्या झौंचं नाव त्या दिवसापासून देशभर झालं. निबंधकार म्हणून त्यांचं नुकसानही तिथूनच सुरू झालं, असं मला वाटतं.

त्यांचा एक गाजलेला निबंध अमेरिकेने चीनविरुद्ध चालवलेल्या शीतयुद्धातल्या नऊ प्रहारांविषयी आहे. बंदुकीच्या जागी सिनेमा आणि इंटरनेट आले, त्यांतून चिनी माणसाचा स्वतःवरचा विश्वास पोखरला जातोय, हे त्याचं सूत्र. हा मुद्दा वाद घालण्याजोगा आहे. हॉलिवूड जगाला काय शिकवतं, हा प्रश्न चीनबाहेरही विचारला गेलाय. पण झौ तिथे थांबत नाहीत. अमेरिकेतल्या चीनच्या चित्रणाची तुलना ते हिटलरने ज्यूंशी केलेल्या वागणुकीशी करतात. अमेरिकन जीवनावरच्या त्यांच्या दुसऱ्या निबंधातल्या चुका फांग झौझी यांनी मुद्देसूद दाखवून दिल्या. फांग हे अमेरिकेत शिकलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. विज्ञानातली लबाडी उघड करण्यासाठी ते ओळखले जातात. झौंनी पुरावे देऊन त्यांना खोडून काढायला हवं होतं. प्रत्यक्षात त्याच ऑक्टोबरमध्ये चिनी समाजमाध्यमांवरची फांग यांची खाती बंद झाली. वाद अर्ध्यावरच संपला आणि झौंच्या लेखनाची कसोटीही त्याबरोबर गेली.

यावर कुणी म्हणेल, झौंचे वाचक काही भाडोत्री नव्हते. ते खरंच आहे. अफूच्या युद्धापासूनची मानहानी चिनी मुलं शाळेत शिकतात. १९९९ साली बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर अमेरिकेचे बॉम्ब पडले. ती चूक होती, हा खुलासा चीनमध्ये फारसा कुणाला पटला नाही. ‘चीन नाही म्हणू शकतो’ हे पुस्तक त्याआधीच, १९९६ साली, हातोहात खपलं होतं. म्हणजे हा राग सरकारने जन्माला घातलेला नाही. पण राग खरा असेल, तर त्याला विरोधकाचं तोंड बंद करण्याची गरज का पडावी? पाश्चात्त्य माध्यमंही चीनबद्दल एकांगी लिहितात, हा आक्षेपही पुष्कळदा रास्त असतो. मात्र त्या एकांगीपणावर त्याच देशांत टीका छापून येते. झौंवरची टीका त्यांच्या देशात टिकू दिली गेली नाही.

राष्ट्रवादी लेखणीला तरी यातून अभय मिळतं का? ‘ग्लोबल टाइम्स’चे माजी संपादक हू शीजिन यांनी २०२४ च्या जुलैमध्ये पक्षाच्या आर्थिक धोरणाचा स्वतःचा अर्थ लावला आणि त्यानंतर त्यांची खाती सुमारे तीन महिने गप्प होती. आयुष्यभर सरकारची बाजू मांडूनही त्यांना एका लेखापुरती मोकळीक मिळाली नाही. झौ मात्र २०२३ मध्ये चिनी जनतेच्या राजकीय सल्लागार परिषदेचे सदस्य झाले.