‘ओळखलंत का मला?’ हा प्रश्न आधी बंद करा

तुमच्या सोसायटीतले एखादे आजोबा रोज संध्याकाळी गेटपाशी येऊन ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. वॉचमन हसतो, पोरं व्हिडिओ काढतात, कुणीतरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळं होतं. सून ओशाळून त्यांना आत नेते. अशा वेळी मध्ये पडून त्यांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं असतं. ते कुणीतरी तुम्ही का नाही?

म्हातारचळ वगैरे काही नाही हो, डिमेन्शिया हा मेंदूच्या आजारांमुळे होतो. अल्झायमर हा त्यातला सर्वाधिक आढळणारा प्रकार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरातल्या साधारण सात जणांना.

जपानने २००५ पासून सामान्य माणसांनाच यात ओढलं. साधारण दीड तासाचं प्रशिक्षण घ्यायचं आणि डिमेन्शियाचा ‘सपोर्टर’ व्हायचं. बँकेतले कर्मचारी, दुकानदार, शाळकरी मुलं, असे एक कोटीहून जास्त लोक झालेत. आपल्याकडे अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते. आणि एनएसएसमध्ये असाल तर वर्षाचे १२० तास तसेही द्यायचेच असतात की!

करायचं काय? आधी वागणं शिका. ‘मी कोण, सांगा बरं’ अशी तोंडी परीक्षा घेऊ नका, सरळ आपलं नाव सांगा. आजी वारलेल्या भावाची वाट बघत असतील तर ‘तो गेला ना’ म्हणू नका, त्यांना ते दुःख दर वेळी नव्याने होतं. ‘भाऊ कसा होता?’ असं विचारा. ‘अस्तु’ सिनेमात डॉ. मोहन आगाशेंनी साकारलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची बायको ज्या सहजतेने सांभाळते, ते एकदा बघाच.

मग घरच्यांकडे वळा. खरं सांगायचं तर त्यांना सल्ला नकोच असतो, सल्ले देणारे नातेवाईक ढिगाने असतात. आठवड्यातून दोन तास आजोबांपाशी बसा, तेवढ्यात ती सून निवांत झोपेल किंवा बँकेचं काम उरकेल. डॉक्टरकडे जाताना सोबत जा. थायरॉइड किंवा बी-१२च्या कमतरतेमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो, म्हणून तपासणी टाळू द्यायची नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

एक पथ्य मात्र पाळा: फोटो, रील काही नाही. त्या माणसाला नीट परवानगी देता येत नाही, हे कायम लक्षात ठेवा. आणि जमणार नसेल त्या आठवड्यात आधी फोन करून तसं कळवा, कारण त्या दोन तासांवर कुणीतरी दवाखान्याची वेळ घेऊन ठेवलेली असते.