घरी शिकलेले मूल आणि पुढची वाट

घरी शिकणारे मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले, की आईबापांची झोप उडते. तोवर सारे ठीक असते. मूल मनापासून वाचते, मोडकी खुर्ची दुरुस्त करते, पाहुणे कौतुक करतात. मग तेच पाहुणे एके दिवशी विचारतात, "पुढे काय?" आणि ज्या घराने शाळा धैर्याने दूर ठेवली, त्याच घरात शाळेचे भय शिरते. श्रोतेहो, आज आपण या "पुढे काय?"चाच विचार करू.

या प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. मुलाला काय शिकायचे आहे, हा एक. आणि त्यासाठी कोणते प्रमाणपत्र लागेल, हा दुसरा. घाबरलेले घर दुसरा प्रश्न आधी सोडवते आणि मुलाला त्या उत्तरात कोंबते.

म्हणून पहिला आधी घेऊ. "तुला कोण व्हायचे आहे?" असे विचारून फारसे काही हाती लागत नाही, पंधराव्या वर्षीचे उत्तर बहुधा ऐकीव असते. साधलेले काम कोणालाही आवडते. फसल्यावरही मूल जे काम पुन्हा हाती घेते, त्याकडे लक्ष द्यावे. समजा, एका मुलीला जनावरांचा लळा आहे. तिला महिना-दोन महिने ओळखीच्या गोठ्यावर जाऊ द्यावे. पहाटे शेण काढावे, धारा काढाव्यात, आजारी वासरापाशी बसावे. मग घरी येऊन ती काय बोलते ते ऐकावे. वासराच्या दुखण्याविषयी विचारीत राहिली, तर तिचा ओढा पशुवैद्यकाकडे असेल. दुधाचा हिशेब मांडू लागली, तर दुग्धव्यवसायाकडे. अशा प्रयोगाला लागणारा वेळ घरी शिकणाऱ्या मुलापाशी असतो. तो भयापोटी वाया घालवू नये.

आता दुसरा प्रश्न. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवता येते. पाच विषय लागतात, त्यांत एक किंवा दोन भाषा. चित्रकला, गृहविज्ञान असेही विषय आहेत. नोंदणी पाच वर्षे चालते आणि उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो. त्यामुळे एकेक विषय सावकाश देता येतो. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्जही अनेकांच्या परिचयाचा आहे.

पण येथे एक सावधगिरी हवी. सोपे म्हणून निवडलेले विषय पुढे वाट अडवतात. त्याच मुलीला पशुवैद्य व्हायचे असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागेल. म्हणून जेथे जायचे, तेथील त्या वर्षीचे माहितीपत्रक आधी मुलानेच वाचावे आणि मग मागे येत विषय ठरवावेत.

नुसत्या आवडीवर विसंबणाऱ्यांनी रामानुजन यांचे उदाहरण आठवावे. १९०४ साली ते शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या महाविद्यालयात गेले. गणितापुढे बाकीचे विषय मागे पडले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासलाही एफ. ए.ची परीक्षा त्यांच्या हातून सुटली नाही. १९१३ साली त्यांनी हार्डींना पत्र पाठवले, तेव्हा ते कारकुनी करीत होते. त्यांची योग्यता ओळखणारा हार्डी भेटला. प्रत्येकाला भेटेलच असे नाही. आवडीच्या विषयासाठी नावडते दोन विषय पुरे करणे, हेही शिक्षणच आहे. मात्र ते कशासाठी, हे मुलाला पटलेले असावे.

तेव्हा वडीलधाऱ्यांचे काम एवढेच: अनुभव मिळवून द्यावा, नियम समजावून द्यावेत, खर्चाचा खरा आकडा सांगावा आणि निर्णय मुलाला घेऊ द्यावा. तो चुकला, तर विषय बदलता येतो. दुसऱ्याने लादलेले आयुष्य बदलणे फार कठीण. यापुढे पाहुण्यांनी "पुढे काय?" विचारले, तर आपण उत्तर देऊ नये. मुलाकडे पाहावे आणि त्याला बोलू द्यावे.