हरभऱ्याला युरिया? हो, पण बेताने!

हरभरा हवेतला नत्र स्वतःच मिळवतो, मग खत कशाला? पेरणीनंतर महिनाभराने एक रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली तर नत्र मिळवण्याचं काम जोरात चालू आहे. पण गाठी तयार होईपर्यंत रोपाला आधार लागतो, म्हणून पेरतानाच हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद. त्याहून जास्त युरिया ओतलात तर गाठी कमी धरतात, झाड नुसतं माजतं!

नत्राची खरी ओढाताण घाटे भरताना. गाठी थकलेल्या, जमीन कोरडी. त्यासाठी २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फुलोऱ्यात फवारा. १०-१५ दिवसांनी पुन्हा. कोरडवाहूत तर नक्कीच. भर उन्हात मात्र नको, पानं करपतात.